एकतिसाव्या मजल्यावरचा उतारा

कप खाली ठेवा बघू आधी. नाही, ठेवाच! मागच्या वेळी हे सांगताना एका वहिनींनी दचकून अख्खा चहा माझ्या सोफ्यावर ओतला, आणि वर मलाच म्हणाल्या, "अहो नीलिमाताई, आधी सांगायचं ना, भुताचं आहे म्हणून!" आता हे भुताचं आहे की माझ्या मूर्खपणाचं, ते शेवटी तुम्हीच ठरवा. घोळ मी आयुष्यात पुष्कळ घातलेत, पण दुबईत जो घातला ना, त्याला तोड नाही.

दोन हजार आठची मंदी तुम्ही पेपरात वाचली असेल. आम्ही ती लिफ्टमध्ये पाहिली. दुबई मरीना भागातली आमची इमारत छत्तीस मजल्यांची. राहायला आलो तेव्हा लिफ्टसाठी दहा-दहा मिनिटं उभं राहायला लागायचं. मग माणसं जायला लागली. आज लेबनीज कुटुंब गेलं, उद्या केरळचे डॉक्टर गेले. तीन वर्षांनी, दोन हजार अकराच्या जुलैत, बटणाला बोट लावायच्या आत लिफ्ट हजर! दार उघडायचं, आत कुणी नाही. कधी कधी तर मी बोलावलेलीही नसायची. आपली एकतिसाव्या मजल्यावर यायची, दार उघडायची, जरा थांबायची आणि निघून जायची.

एकतिसाव्यावर आठ फ्लॅट, आणि राहणारे आम्ही एकटे. कॉरिडॉरमधले दिवे माणसाची चाहूल लागली की लागणारे. भर दुपारी मी घरात भाजी चिरत असायचे आणि दाराखालच्या फटीतून दिसायचं, बाहेर दिवा लागला. कुणाची चाहूल लागली हो त्याला? मी दाराच्या भोकाला डोळा लावायचे. लांबच लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बंद दारं, त्यांच्याखाली सरकवलेली पिझ्झाची पत्रकं. मग दिवा विझायचा.

आमच्या घरात तीन माणसं. मी, नवरा जयंत आणि मुलगी ऋचा. जयंत जबल अली बंदराजवळच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर. ऋचा दहावीत. आणि जूनपर्यंत भिंतीला भिंत लागून शेजारच्या ३१०४ मध्ये जयंतचे बॉस, कॉलिन साहेब. इंग्रज माणूस, उंच, अबोल. त्यांची बायको मार्चमध्येच मुलांना घेऊन इंग्लंडला गेली होती.

मे महिन्यात एक दिवस जयंत घरी आला आणि बूट न काढताच सोफ्यावर बसला.

"दोन ऑपरेशन्स मॅनेजर परवडत नाहीत म्हणतायत. एकच ठेवणार. मी, नाहीतर तो दुसरा."

"कोण ठरवणार?"

"कॉलिन. दुसरं कोण?"

नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळा. आणि ऋचाचं बोर्डाचं वर्ष! कुठल्या शाळेत घालणार मी तिला, वर्षाच्या मधोमध? माझी तर झोपच उडाली. जूनमध्ये जयंत म्हणाला, "कॉलिन लाँग लीव्हवर गेला. मीच एअरपोर्टला सोडून आलो." त्यानंतर त्या विषयावर त्याने तोंड म्हणून उघडलं नाही. विचारलं की म्हणायचा, "बघू. इन्शाल्ला." सावंतांचा मुलगा इन्शाल्ला म्हणायला लागला की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

तर जुलैची दुपार. बाहेर वाळूचं वादळ, खिडकीबाहेर सगळं पिवळं, समोरच्या अर्ध्या बांधलेल्या इमारतीवरची क्रेनसुद्धा दिसेना. ऋचा क्लासला गेलेली. मी बाथरूममध्ये कपडे भिजवत होते. आणि एक्झॉस्टच्या जाळीतून आवाज आला.

आधी नुसतं काहीतरी घरंगळल्यासारखं. पितळेच्या परातीत गोटी फिरवली तर येईल ना, तसं. खुळखुळ, खुळखुळ, मग टक. आणि मग एक बाई, अगदी गोड, हळू आवाजात म्हणाली, "सेव्हन्टीन. ब्लॅक."

मी नळ बंद केला. शांतता. पुन्हा खुळखुळ. "नाइन. रेड."

आवाज भिंतीपलीकडून येत होता. ३१०४ मधून. बंद फ्लॅटमधून!

संध्याकाळी जयंतला सांगितलं. तो हसला. "डक्टमधून येतो गं आवाज. खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही लावला असेल."

"खालचा मजला रिकामा आहे!"

"मग वरच्या."

"वरचाही रिकामा आहे!"

ऋचा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मा, यू आर बीइंग सो वियर्ड."

दुसऱ्या दिवशी खाली गेले तर लॉबीत सामान! खोकी, गाद्या, मुलाची सायकल. आमचा वॉचमन बशीर, केरळचा, सगळ्यांशी हिंदीतच बोलणारा, ट्रॉली ढकलत होता.

"कौन जा रहा है, बशीर भाई?"

"सत्रा नंबर फ्लोर, मॅडम. आखरी फॅमिली. खलास."

सतरा! सेव्हन्टीन, ब्लॅक! मनात लगेच हिशेब जुळला. ती बाई मजले सांगते. रेड म्हणजे राहिले, ब्लॅक म्हणजे गेले.

हसताय काय? तुम्ही एकट्या राहून बघा महिनाभर अशा इमारतीत! आता मला कळतं, ती दिवसाला शंभर आकडे बोलायची आणि मी जुळले तेवढेच लक्षात ठेवायचे. पण तेव्हा? बावीस ब्लॅक म्हणाली, आठवड्यात बाविसाव्यावरचा इराणी गेला. चौदा रेड म्हणाली, चौदाव्यावरच्यांचं बाळ तापातून उठलं. मी वहीच केली. रोज दुपारी बाथरूममध्ये पाटावर बसून, कान जाळीला, हातात पेन्सिल. आणि एका मंगळवारी ती म्हणाली,

"थर्टी वन. ब्लॅक."

पेन्सिल पडली हातातून. एकतीस! एकतिसाव्यावर आम्हीच!

मी तडक कुडाळला आत्याला फोन लावला. आमची आत्या या विषयातली अधिकारी बाई. तिने सगळं ऐकलं आणि शांतपणे मालवणीत सांगितलं, "अगो, उतारो ठेव. दहीभाताचो गोळो, वर कुंकू, काळे तीळ, आणि लिंबवाक पाच टाचणे. तिठ्यार ठेव. मागे वळान बघू नको."

आता दुबई मरीनात तिठा कुठे शोधायचा? शेख झायेद रोडवर जाऊन ठेवू? विचार करकरून सुचलं, आमचा कॉरिडॉर लिफ्टपासून दोन्हीकडे फुटतो, आणि ३१०४ चं दार बरोबर त्या तिठ्यावर. देवाचीच योजना! सुपरमार्केटमधून दोन दिरहमची तीन लिंबं आणली. म्हणजे चोवीस रुपये, भुतासाठी. स्टीलच्या ताटलीत सगळं मांडलं, जयंतवरून ओवाळायला तो नव्हता म्हणून त्याच्या ऑफिसच्या शर्टावरून ओवाळलं, आणि ठेवलं साहेबांच्या उंबऱ्याशी. वळले, तर समोर बशीर!

"मॅडम, ये क्या है?"

"प्रसाद."

बशीरने लिंबाकडे पाहिलं. टाचण्यांकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "मॅडम, ये जादू-टोना का काम नहीं है ना? इधर वो गुनाह है. सीधा पुलिस."

माझं धाबं दणाणलं. नवऱ्याची नोकरी वाचवायला निघाले आणि स्वतःच जेलात! "नहीं नहीं भय्या, प्रसाद ही है. हमारे में ऐसा ही होता है."

"लेकिन मॅडम, खाली फ्लॅट में प्रसाद किसके लिए?"

मी हसले आणि घरात घुसले. दहा मिनिटांनी, बशीर गेला असेल असं बघून ताटली उचलायला बाहेर आले.

ताटली नव्हती.

बशीरनेच उचलली असणार, म्हणून इंटरकॉमवरून विचारलं. "नहीं मॅडम, मैं तो नीचे आ गया." मग कुणी नेली? त्या मजल्यावर मी सोडून जिवंत माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं, तर ताटली माझ्या उंबऱ्यावर. घासलेली, पुसलेली. दहीभात नाही, लिंबू नाही. आणि ताटलीच्या कडेला पाचही टाचण्या ओळीने मांडून ठेवलेल्या.

मी किंचाळले नाही. किंचाळायला आवाज लागतो. दाराला पाठ टेकून तिथेच खाली बसले आणि तसाच आत्याला फोन लावला.

"खाल्ल्यान?" आत्या म्हणाली. "सगळो खाल्ल्यान? मगे आता रोज घालूक व्हया गो बाय! मधेच सोडलंस तर घरात शिरतला!"

झालं! एवढंच राहिलं होतं. तेव्हापासून रोज दुपारी ऋचा क्लासला गेली की मी ३१०४ च्या दाराशी भुताचं पान मांडायचे. पहिल्या दिवशी वरणभात, दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी. रोज ताटली घासून परत! तुम्हाला सांगते, आमच्या घरात स्वतःची ताटली घासून ठेवणारं ते एकच.

चौथ्या दिवशी पुन्हा वादळ होतं. कॉरिडॉरच्या टोकाची खिडकी पिवळी झालेली, फटीतून वाऱ्याची शिट्टी. मी ताटली ठेवली, वळले, चार पावलं गेले, आणि मागे कुलूप फिरल्याचा आवाज आला. मागे बघायचं नाही, मागे बघायचं नाही... बघितलंच!

दार इतकंसं उघडलेलं. आतून एक हात बाहेर आला. पांढराफटक, लांब बोटांचा. मनगटावर घड्याळ. आता भूत घड्याळ कशाला घालेल? पण त्या वेळी एवढं सुचतंय कुणाला! "राम राम" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं माहितीये? "यल्ला! यल्ला! यल्ला!" म्हणजे अरबीत, चला, चला, लवकर चला!

"मिसेस सावंत! प्लीज! ओरडू नका!"

कॉलिन साहेब.

दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टाय. आणि खाली? चड्डी! फुलाफुलांची, गुडघ्यापर्यंतची. मी आधी मान वळवली आणि मग विचारलं, "सर, तुम्ही इंग्लंडला होतात ना?"

त्यांनी मला आत बोलावलं, कारण कॉरिडॉरमध्ये बोलायची त्यांना भीती वाटत होती. आत पडदे ओढलेले, सामान जवळजवळ काहीच नाही. एका भिंतीपुढे टेबल आणि मागे कॅलेंडर लावलेलं, ऑफिससारखं. बायकोला रोज तिथून व्हिडिओ कॉल करायचे. म्हणून टाय. कॅमेऱ्यात चड्डी दिसत नाही.

"जयंतने मला एअरपोर्टवर सोडलं," ते इंग्रजीत म्हणाले. "मी आत गेलो, कॉफी प्यायलो, आणि दुसऱ्या दाराने टॅक्सी करून परत आलो. घरी जायचं धैर्य होईना. आता ऑफिसला वाटतंय मी इंग्लंडात आहे आणि बायकोला वाटतंय मी ऑफिसात आहे." मग म्हणाले, "दीड महिना मी कुठेच नाहीये, मिसेस सावंत."

हे ऐकून मला जो शहारा आला, तो त्या हाताने आला नव्हता. खरंच सांगते. खुर्चीत समोर माणूस बसला होता, आणि जगात कुणालाच ठाऊक नव्हतं की तो तिथे आहे.

तेवढ्यात खुळखुळ सुरू झालं! मी खुर्चीवरून उडालेच. टेबलावर त्यांचा मोबाइल होता. त्यावर अंबाडा घातलेली, चमचमत्या झग्यातली एक गोरी मुलगी चाक फिरवत होती. गोटी थांबली आणि ती गोड आवाजात म्हणाली, "ट्वेंटी सिक्स. ब्लॅक."

"ही!" मी ओरडले. "हीच ती! हिने माझं रक्त आटवलं महिनाभर!"

"तुम्ही ओळखता हिला?" साहेब चमकले.

ऑनलाइन कॅसिनो हो! जुगार! इथे ते सगळं बंद, साइटसुद्धा उघडत नाही, म्हणून इंग्लंडचं सिमकार्ड घालून खेळायचे. मग एक वही दाखवली मला. त्यात तीन कॅसिनोंचा तक्ता: कुणाचा वेलकम बोनस मोठा, कुणाचे खेळ फोनच्या स्क्रीनवर नीट बसतात, कुणाचे पैसे लवकर मिळतात. आमच्याकडे मुलीची स्थळं बघताना बापाने करावा, इतका नेटका तक्ता. कुठला एक धरावा हे महिनाभर ठरत नव्हतं, म्हणून तिन्हीकडे हरत होते.

"तुमच्या पहिल्या डिशबद्दल थँक्स," ते म्हणाले. "दोन दिवस मी बिस्किटांवर होतो. वरचं ते लाल सजावटीचं होतं ना? बाजूला काढलं मी. आणि लिंबात पिना का होत्या?"

मी म्हटलं, "आमच्यात लिंबू ताजं राहावं म्हणून टोचतात."

"त्याच दिवशी मी महिन्याभरात पहिल्यांदा जिंकलो, मिसेस सावंत! तुमचा हात लकी आहे. आता तुम्हीच सांगा, या तिघांतला कुठला निवडू?"

आता माझी अवस्था बघा. बंद खोलीत मी आणि नवऱ्याचा बॉस. ते जुगारी, मी जादूटोणेवाली. दोघंही कायद्याने आत जाणार. आणि जयंतची नोकरी ज्याच्या हातात, तो माणूस मला विचारतोय, कुठल्या कॅसिनोत हरू? मी धीर करून विचारलं, "सर, जयंतचं काय? तो राहील ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताटलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मी बघतो काय करता येतं ते. फक्त मी इथे आहे हे त्याला सांगू नका."

बस्स! मला तेवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू. आणि डब्याबरोबर कॅसिनोचा सल्लाही!

पहिल्या दिवशी डोळे मिटून बोट ठेवलं. साहेब हरले. हा माणूस हरला की चिडणार, चिडला की जयंतचं नाव कापणार! दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून साजूक तुपातला शिरा नेला. तिसऱ्या दिवशी मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. पण सांगते. देवघरात गणपतीपुढे तीन चिठ्ठ्या टाकल्या, तिन्हींवर कॅसिनोंची नावं, आणि ऋचाला म्हटलं, "एक उचल."

"व्हॉट इज धिस फॉर?"

"पप्पांच्या नोकरीसाठी. आंघोळ केलीयेस ना? उचल!"

गणपतीने निवडलेल्या कॅसिनोतही साहेब हरले. बाप्पाने बरोबरच केलं म्हणा! त्याला काय कामाला लावत होते मी!

असं दोन आठवडे चाललं. त्यांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. एकदा मी गेले तर पडद्याआड नुसते उभे होते, खाली रस्त्याकडे बघत, मी आल्याचं कळलंही नाही. फोनवरची ती मुलगी आपली गोड आवाजात आकडे बोलत होती, बघणारं कुणी नसताना. मला एकदम रागच आला. भीती गेली कुठल्या कुठे. लग्नाआधी मी कुडाळच्या सहकारी बँकेत कर्ज विभागाला सहा वर्षं होते हो! म्हटलं, "आणा तो फोन इकडे. अटी कुठे लिहिल्यायत?"

"अटी? त्या कुणी वाचत नाही."

"मी वाचते."

वाचल्या! बारीक अक्षरात, तळाशी, तिन्हींच्या. पहिला कॅसिनो फुकट बोनस देतो, पण तो चाळीस वेळा खेळल्याशिवाय स्वतःचे पैसेसुद्धा बाहेर काढता येत नाहीत. दुसरा काढू देतो, पण आज कागद मागतो, उद्या फोटो मागतो, परवा पुन्हा पहिला कागद. तिसरा अगदी साधा. ना बोनस, ना झगा. त्यात एक बटण होतं: पैसे काढा आणि खातं बंद करा.

"सर," मी म्हटलं, "महिनाभर तुम्ही शिरायचं दार बघताय. निघायचं दार एकालाच आहे. मी हा निवडते."

"यावर मी कधी जिंकलोच नाही."

"म्हणूनच थोडे उरलेत! दाबा ते बटण."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दाबलं. चार दिवसांनी पैसे त्यांच्या खात्यात आले. विमानाच्या तिकिटापुरते, वर टॅक्सी. त्यांनी बायकोला फोन केला, टाय न लावता. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले, म्हणजे ऐकू येऊ नये. तरी रडल्याचं ऐकू आलंच.

गुरुवारी दुपारी ते निघाले. सामान जिन्याने दोन मजले खाली नेलं आणि तिथून लिफ्ट पकडली, कारण बशीर जेवायला गेला असला तरी त्यांना कुणाच्या नजरेला पडायचं नव्हतं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "जयंत चांगला माणूस आहे. काळजी करू नका." मी भरून पावले. घरात येऊन देवापुढे साखर ठेवली. वाचवली बाई नोकरी! तीन आठवडे कुणाला कळू न देता, एकटीने!

आणि त्याच संध्याकाळी जयंत पेढे घेऊन घरी!

"झालं कन्फर्म! माझं झालं!"

"मला माहीत होतं," मी म्हटलं. अगदी तोऱ्यात. "आणि कुणामुळे झालं तेही माहीत आहे. कॉलिन साहेबांनी शब्द टाकला ना?"

जयंतने पेढ्यांचा पुडा सोडला. "कॉलिन? अगं, त्याला जूनच्या पहिल्या आठवड्यातच काढलं! त्याच्याच जागेवर मी होतो, टेम्पररी. त्या दुसऱ्या मॅनेजरलाही तेव्हाच नारळ दिला. एचआरने सांगितलं होतं, कायम होईपर्यंत बाहेर अवाक्षर गेलं तर ऑफर कॅन्सल. म्हणून तुला बोललो नाही. रागावू नकोस, पण तुझ्या पोटात काही राहत नाही."

माझ्या डोळ्यांपुढे वरण, भात, खिचडी, शिरा, चिठ्ठ्या, गणपती, सगळं गरगर फिरलं.

"मग मी त्यांना तीन आठवडे डबा कशाला देत होते?"

जयंतचा पेढा तोंडापाशी थांबला. "कुणाला?"

"कॉलिन साहेबांना! शेजारी!"

"नीलू," तो अगदी हळू म्हणाला, "त्याला मी स्वतः एअरपोर्टवर सोडलंय. माझ्यासमोर बॅगा घेऊन आत गेला तो."

किती सांगितलं! कॉफी सांगितली, दुसरं दार सांगितलं, टाय सांगितला. शनिवारी जयंतने ऑफिसमधली जादा किल्ली आणून ३१०४ उघडला. फ्लॅट कंपनीनेच घेतलेला, भाडं ऑगस्टपर्यंत भरलेलं, म्हणून तोवर तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. आत काही नाही! कॅलेंडर नाही, टेबल भिंतीला, बाथरूम कोरडं ठाक. साहेब पडला शिस्तीचा माणूस, बोटांचा ठसासुद्धा मागे ठेवून गेला नाही मेला! शेवटी मी म्हटलं, "बशीरला विचार!" जयंतने विचारलं.

बशीरने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "साब, दो महिने से ये फ्लॅट खाली है. कोई नहीं था. बस, मॅडम इधर रोज प्रसाद रखती थी."

संपलं! त्या दिवसापासून आमच्या घरचा किस्सा ठरला. पाहुणे आले की जयंत रंगवून सांगतो, मंदीत हिच्या डोक्यावर परिणाम झाला होता आणि ही रिकाम्या फ्लॅटमधल्या भुताला तीन आठवडे जेवू घालत होती. साहेबांचं ना पत्र, ना फोन. कशाला करतील? मी भांडून भांडून थकले. आणि गंमत सांगू? परवा महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला एका नव्या सुनेने मला कोपऱ्यात घेतलं आणि डोळे विस्फारून विचारलं, "काकू, भुताला तिखट चालायचं का हो?"

आणि मी, अगदी सहज, वाण पुढे करत म्हणून गेले, "छे गं! फोडणीतली मिरचीसुद्धा काढून द्यायला लागायची."